कंटेनर घरात छतातून टपकणारं पाणी: गळती, दव की जमिनीची ओल?

कंटेनरच्या घरात राहणाऱ्यांकडून सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार ही: छत गळतंय, वॉटरप्रूफिंग केलं, पुन्हा केलं, तरी थांबत नाही. अशी घरं दुरुस्त करताना बहुतेक वेळा मला छताला भोक सापडलेलंच नाही. पाणी घरातल्याच हवेतून आलेलं असतं. बाहेरून कितीही रंग चढवला तरी ते थांबणार कसं? म्हणून हत्यार हातात घेण्याआधी पाणी कुठलं आहे ते ठरवा. त्याला खर्च जवळपास शून्य येतो.

आधी लक्षणं बघा

पाऊस नसताना पहाटे छताच्या पत्र्यावर थेंब दिसतात, अंथरूण दमट लागतं आणि ऊन चढलं की सगळं कोरडं होतं. हे दव आहे. आकाश निरभ्र असलेल्या रात्री जास्त थेंब आणि ढगाळ रात्री कमी, असं दिसलं तर शंकेला जागाच उरत नाही.

पाऊस सुरू झाल्यावर थोड्या वेळाने नेमक्या एकाच जागी पाणी येतं, पाऊस थांबल्यावरही काही काळ टपकत राहतं आणि मागे तांबूस ओघळ राहतो. ही खरी गळती.

कपाटामागे, जमिनीवर टाकलेल्या गादीखाली, भिंतीच्या खालच्या हातभर भागात काळी बुरशी येते. इथे दव आणि जमिनीची ओल दोन्ही असू शकतात, बऱ्याचदा असतातही.

आतल्या पॅनेलवर ठरावीक अंतराने उभे काळपट पट्टे उमटतात. त्या पट्ट्यांमागे सांगाड्याच्या उभ्या पट्ट्या थेट पत्र्याला टेकलेल्या असतात.

डोळ्यांना काही दिसत नाही, पण बंद घर उघडलं की कुबट वास येतो. हे लक्षण लोक सर्वांत हलकं घेतात आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते, कारण अशा वेळी ओल पॅनेलच्या मागे साचत असते.

हे पुन्हा पुन्हा का होतं

कंटेनर समुद्रातून माल कोरडा नेण्यासाठी बनलेला असतो. दारांना रबर, सगळे जोड वेल्डिंगचे आणि हवा खेळायला वरच्या कडेजवळ बोटाएवढ्या छिद्रांचे दोन-चार झाकलेले झरोके. मालाला ते पुरतं, माणसाला पुरत नाही.

थोडा हिशोब करू. २० फुटी कंटेनरच्या आत साधारण ३३ घनमीटर हवा मावते. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प राहू शकतं, म्हणजे अख्ख्या घराची कमाल क्षमता पाऊण लिटर पाण्याची. झोपताना आर्द्रता ६० टक्के असेल तर त्यातलं जवळपास साडेचारशे ग्रॅम आधीच भरलेलं आहे. आता दोन माणसं आठ तास झोपली की श्वासातून आणि त्वचेतून अर्धा ते पाऊण लिटर पाणी हवेत जातं. दारं-खिडक्या बंद असतील तर उरलेलं पाणी सर्वांत थंड पृष्ठभाग शोधतं. तो असतो छताचा पत्रा.

पत्रा थंड का पडतो हेही समजून घ्या. त्याची जाडी जेमतेम २ मिलीमीटर, भिंतीची तर १.६ च्या आसपास. निरभ्र रात्री छत आपली उष्णता सरळ आकाशात फेकतं आणि बाहेरच्या हवेपेक्षाही काही अंशांनी खाली जातं. त्यामुळे बाहेर फारशी थंडी नसतानाही छताला घाम फुटतो. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून जे होतं, तेच इथे आतून होतं.

तपासणी १: वही आणि आर्द्रतामापक

आठवडाभर रोज तीनच गोष्टी लिहा: पाणी कधी दिसलं, आकाश कसं होतं, पाऊस होता का. सोबत एक साधा डिजिटल हायग्रोमीटर उशाशी ठेवा आणि झोपताना व उठल्यावर आकडा टिपा. एवढ्या नोंदीवरूनच बहुतेक घरांचं निदान होतं.

आकडे कसे वाचायचे? २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर सुमारे १७ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरायला लागतं. तीच आर्द्रता ८० टक्के झाली की २१ अंशांचा पत्राही ओला होतो. म्हणजे आर्द्रता वाढते तसं पत्रा फारसा थंड नसला तरी पाणी सुटतं. उठताना आकडा रोज ७० च्या वर जात असेल तर छताकडे बघण्याआधी हवेकडे बघा. ४० ते ६० मध्ये राहिला तर घर निरोगी समजा.

तपासणी २: प्लास्टिकचा तुकडा

ओली जागा पुसून पूर्ण कोरडी करा. साधारण दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून तिथे घट्ट बसवा. दिवस-दोन दिवस तसंच राहू द्या. खोलीच्या बाजूला पाणी धरलं तर ते घरातल्या हवेचं. प्लास्टिकच्या खाली, पृष्ठभागाच्या बाजूला पाणी दिसलं तर ते मागून येतंय.

ही चाचणी छतावर, भिंतीच्या पॅनेलवर आणि जमिनीच्या प्लायवुडवर वेगवेगळी करा. एकाच घरात छतावर दव आणि जमिनीत ओल अशी दोन दुखणी असतात. एकाचा इलाज केल्यावर दुसरं उरलं की लोकांना वाटतं, इलाजच चुकला.

तपासणी ३: अंधारातला उजेड

आतून पॅनेल लावलेलं नसेल तर भर दुपारी खिडक्या जाड कापडाने झाका, दार बंद करा, डोळे अंधाराला सरावू द्या आणि छत, कोपरे, जमिनीची कड बघत जा. जिथून उजेडाचा ठिपका दिसतो तिथून पाणीही येतं. खडूने खूण करा.

मालवाहू कंटेनरची मूळ दारं बाहेरूनच बंद होतात. ती बदललेली नसतील तर बाहेर माणूस उभा केल्याशिवाय आत स्वतःला बंद करून घेऊ नका.

तपासणी ४: आठवडाभर सवयी बदलून बघा

यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही, म्हणून दुरुस्तीच्या आधी हे कराच. एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर, अशा दोन जागा रात्री थोड्या उघड्या ठेवा. एकच खिडकी सताड उघडून हवा फिरत नाही, तिला येण्याची आणि जाण्याची वेगळी वाट लागते. मूळ झरोके रंगाने किंवा पॅनेलने बुजलेत का ते पाहा. पॅनेल लावताना ते सर्रास झाकले जातात.

ओले कपडे आत वाळत घालू नका. न्हाणीचा एक्झॉस्ट फॅन आंघोळ झाल्यावरही किमान २० मिनिटं चालू ठेवा आणि त्याची नळी थेट बाहेर निघते ना, ते तपासा. ती छताच्या पोकळीत सोडलेली असेल तर तुम्ही वाफ नेमकी पत्र्यावर नेऊन ओतताय.

गॅसची गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. एक किलो एलपीजी जळला की त्यातून सुमारे दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. भांड्यातून निघणारी वाफ वेगळी. स्वयंपाक करताना बाहेर फेकणारा पंखा हवाच. धूर बाहेर न नेणारा गॅसचा हीटर अशा घरात लावूच नये. तो पाणी वाढवतो आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोकाही आणतो.

खिडकी उघडून नेहमीच फायदा होतो असंही नाही. बाहेर १० अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेत घनमीटरमागे साडेआठ ग्रॅमच पाणी असतं. आत २५ अंशांना ५० टक्के असेल तर साडेअकरा ग्रॅम. म्हणजे ९० टक्क्यांची बाहेरची थंड हवा आतल्या हवेपेक्षा कोरडी आहे, खुशाल आत घ्या. उलट बाहेर उष्ण, दमट हवा आहे आणि आत एसी चालू आहे, तर खिडकी उघडून तुम्ही पाणी आत बोलावताय. अशा दिवसांत घर बंद ठेवून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढून घेणारं यंत्र, चालवणं योग्य. कॉम्प्रेसरवर चालणारं यंत्र थंड हवेत, साधारण १५ अंशांच्या खाली, मंदावतं. थंड प्रदेशात शोषक चक्र असलेलं यंत्र घ्यावं. कपाटात टांगायच्या ओलावा शोषणाऱ्या पुड्यांवर मात्र विसंबू नका. रोज अर्धा लिटर पाणी निर्माण करणाऱ्या घरापुढे त्यांचा निभाव लागत नाही.

आठवड्यानंतर वहीतले आकडे उतरले आणि थेंब थांबले, तर पुढच्या तपासण्यांची गरज नाही. आकडे उतरले पण थेंब थोडे राहिले, तर थेट तपासणी ७ वर जा.

तपासणी ५: घराखाली वाकून बघा

कंटेनरची जमीन म्हणजे सुमारे २८ मिलीमीटर जाड प्लायवुड आणि त्याखाली लोखंडी आडव्या पट्ट्या. ती थेट मातीवर टेकलेली असेल किंवा खाली पाणी साचत असेल, तर वर कितीही पंखे लावा, खालून ओल येतच राहणार. घराचा भार चार कोपऱ्यांच्या जाड लोखंडी ठोकळ्यांवर पेलायचा असतो. तेवढ्या जागी भक्कम पाया हवा आणि मधला भाग हवेशीर हवा. वीतभर पोकळी तरी ठेवा, रांगत जाऊन बघता येईल इतकी असेल तर उत्तम. मातीवर जाड प्लास्टिक अंथरून कडांना वजन ठेवा, गवत वाढू देऊ नका, पावसाचं पाणी घरापासून लांब वळवा. दिसायला बरं म्हणून चारही बाजूंनी फळ्या मारून खालची पोकळी बंद करतात, ती समोरासमोर जाळीने उघडी करा.

कंटेनरचं पोलाद गंजत नाही, असा एक पक्का गैरसमज आहे. हे कॉर्टेन जातीचं पोलाद आहे. त्यावर गंजाचा घट्ट थर बसतो आणि पुढची झीज मंदावते, हे खरं. पण तो थर बसायला ओलं होणं आणि पूर्ण वाळणं आलटून पालटून घडावं लागतं. सतत ओल्या जागी, म्हणजे मातीला टेकलेल्या पट्टीत किंवा भिंतीत भरलेल्या इन्सुलेशनच्या ओल्या कापसामागे, तेही साध्या लोखंडासारखं खात जातं.

वाकलेलेच आहात तर प्लायवुड पेचकसाने जागोजागी टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर ती जागा सडली आहे. दारं ओढून बंद करावी लागत असतील तर पाया एका कोपऱ्यात खचलाय का तेही लेव्हल लावून पाहा. चौकट तिरकी झाली की दाराचं रबर बसत नाही आणि तिरका पाऊस तिथून आत येतो. अशा वेळी रबर बदलण्याआधी घर समतल करा.

तपासणी ६: पाइपने पाणी मारून खरी गळती शोधा

नोंदीत पावसाचा संबंध स्पष्ट असेल तरच हे करा. एक जण आत, एक बाहेर. पाणी नेहमी खालून वर मारत या आणि प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटं थांबा. सुरुवातच छतापासून केली तर पाणी ओघळत सगळीकडे जातं आणि कुठून शिरलं ते कळत नाही.

सर्वांत संशयित जागा म्हणजे कापून बसवलेल्या खिडकीची वरची कड. भिंत पन्हळी असते. पन्हळीच्या खोबणीतून पाणी खाली येतं आणि सरळ चौकटीच्या माथ्यावर पडतं. तिथे फक्त सिलिकॉन भरलेलं असेल तर काही ऋतूंनी ते सुटणारच. ऊन-थंडीने पत्रा रोज लांबतो-आखडतो आणि सीलंटला रोज ओढ बसते. चौकटीच्या वर पाणी बाहेर झटकणारी, उतार दिलेली पत्र्याची पट्टी वेल्ड करून घ्या. सीलंटचं काम तिच्यानंतरचं.

त्यानंतर पाहा: छतातले खड्डे, एसीच्या ब्रॅकेटचे आणि सोलर पॅनेलचे स्क्रू, दोन कंटेनर जोडलेली फट. छतावर चढलात तर कडेच्या लोखंडी पट्टीजवळ पाय ठेवा, मधला पातळ पत्रा दबून नवा खड्डा होतो. ओल्या छतावर चढूच नका.

दुरुस्ती करताना गंज उजळ लोखंड दिसेपर्यंत घासा, जस्तयुक्त प्रायमर लावा, मग पॉलियुरेथेन सीलंट आणि रंग. सिलिकॉनवर रंग धरत नाही, हे लक्षात असू द्या. गंजावरच डांबर किंवा रबरी लेप फासला तर त्याखाली ओल अडकते आणि भोक मोठं होतं. अशी लेपाखाली चाळण झालेली छतं मी वारंवार उघडली आहेत.

तपासणी ७: पॅनेलच्या मागे

हे काम मोडतोडीचं, म्हणून शेवटी. एक पॅनेल जमिनीलगत आणि एक काळ्या पट्ट्याजवळ, एवढंच उघडा. मागे ग्लासवूल किंवा तसला कापूस असेल तर हात लावून बघा. जड, ओला, खाली बसलेला असेल तर दुखण्याचं मूळ सापडलं. कापसातून उष्णता अडते, पण वाफ आरपार जाते. ती जाऊन थंड पत्र्यावर पाणी होते आणि पत्रा वाफेला बाहेर सोडत नाही. म्हणजे इन्सुलेशन होतं, पण त्याने दव दृष्टीआड करण्यापलीकडे काही केलं नाही.

थंडीत घर आतून उबदार ठेवायचं असेल तर घरातली हवा पत्र्यापर्यंत पोहोचताच कामा नये. बंद पेशींचा पॉलियुरेथेन फोम थेट पत्र्यावर फवारला की तो पन्हळीच्या खोबणीतही चिकटतो आणि पोकळी उरत नाही. साधारण ५० मिलीमीटरचा थर वाफही अडवतो. सपाट फोमचे तक्ते वापरले तर पन्हळीमुळे मागे हवेच्या नळ्या राहतात. त्यांच्या सगळ्या कडा आणि सांधे कसून बंद करावे लागतात. सांगाड्याच्या पट्ट्या पत्र्याला टेकू देऊ नका, मध्ये फोमची पट्टी घाला. लोखंड लाकडाच्या शेकडो पट उष्णता वाहतं, त्यामुळे लोखंडी सांगाडा पत्र्याला जिथे टेकतो तिथे थंडी आत येते आणि काळा पट्टा उमटतो.

पण भिंती उघडण्याआधी माझा आग्रह दुसऱ्या छताचा असतो. कंटेनरच्या वर हवेची मोकळी पोकळी सोडून साधं पत्र्याचं उतरतं छप्पर घाला. रात्री आकाशाकडे उष्णता फेकण्याचं काम ते छप्पर करतं, मूळ छत हवेच्या तापमानाजवळ राहतं आणि दव कमी होतं. दिवसा ऊन थेट लागत नाही, पाऊसही जुन्या सांध्यांवर पडत नाही. तीन दुखण्यांवर एकदम काम करणारा दुसरा उपाय मला माहीत नाही. आतली उंचीही वाचते. साध्या कंटेनरची बाहेरची उंची २.५९ मीटर आणि आतली जेमतेम २.३९. त्यातून छताचा फोम आणि पॅनेल वजा केलं की डोकं टेकायला लागतं. हाय क्यूब प्रकारात फूटभर जास्त मिळतं, तिथे ही अडचण कमी. छप्पर मात्र कोपऱ्याच्या ठोकळ्यांना किंवा कडेच्या जाड पट्टीला बांधा, मधल्या पत्र्यात स्क्रू मारून नाही. वाऱ्याने ते खालून उचललं जातं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

भिंतीला किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, किंवा वायरिंगच्या पाइपात पाणी दिसलं, तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत चालू करू नका. हे घर संपूर्ण लोखंडाचं आहे, एक सुटी वायर सगळ्या भिंतींत वीज उतरवते. अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर दव, बुरशी वगैरे सगळं नंतर. आधी हे.

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ असं घरातल्या एकाहून अधिक जणांना होत असेल आणि बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल, तर ताबडतोब सगळे बाहेर पडा, दार-खिडक्या उघड्या टाका आणि मदत बोलवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कोपऱ्याचे खांब, वरच्या-खालच्या कडेच्या तुळया किंवा जमिनीखालच्या आडव्या पट्ट्या आरपार खाल्लेल्या दिसल्या, किंवा मोठं दार-खिडकी कापल्यानंतर छत झुकलं, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरलाच दाखवा. कंटेनरचा ताठपणा पन्हळी भिंतींमध्येही असतो. त्या कापून भोवती मजबूत चौकट दिली नसेल तर वरून प्लास्टर-पॅनेल करून काही साधत नाही. दुसरं छप्परही त्यांना विचारल्याशिवाय चढवू नका.

बुरशी एका चौरस मीटरहून जास्त पसरली असेल, किंवा घरात कोणाला दमा असेल, तर स्वतः खरवडायला जाऊ नका. फोमची फवारणीही स्वतः करू नका. ओल्या फोममधलं आयसोसायनेट नावाचं रसायन श्वासात गेल्यास कायमची अ‍ॅलर्जी आणि दमा जडू शकतो. ती करणाऱ्याकडे योग्य मास्क आणि हवा पुरवण्याची सोय हवी आणि पूर्ण वाळून हवा खेळेपर्यंत घर रिकामं हवं.

प्लायवुडची जमीन सँडरने घासण्याआधी दारावरची धातूची पाटी वाचा. समुद्रप्रवासासाठी हे लाकूड कीटकनाशकात मुरवलेलं असतं आणि कोणतं औषध कधी दिलं ते पाटीवर कोरलेलं असतं. ती धूळ उडवू नका. जमीन चांगली असेल तर इपॉक्सीने बंद करून वर दुसरा थर घाला, सडली असेल तर माहितगाराकडून काढून घ्या. वेल्डिंगचंही तसंच. जुन्या रंगात शिसं किंवा क्रोमेट असू शकतं आणि भिंतीच्या आत फोम असेल तर बाहेरून मारलेल्या वेल्डिंगने तो आत पेटतो, धूरही विषारी असतो. वेल्डरला बोलावताना भिंतीत काय भरलंय ते आधी सांगा आणि त्या जागेचं पॅनेल व फोम काढून होईपर्यंत त्याला काम सुरू करू देऊ नका.